पेला गुलाबी झाला म्हणजे नक्की काय कळलं? वर्गात साथीचा खेळ घ्यावा की नको

चौकस

मी नववीला विज्ञान शिकवते. रोग कसा पसरतो हे शिकवायला गेली काही वर्षं मी एक खेळ घेतेय, पण परवा शिक्षकांच्या खोलीत त्यावरून चांगलंच वाजलं, म्हणून इथे मांडतेय.

खेळ असा. प्रत्येक मुलाला अर्धा पेला पाणी द्यायचं. एकाच पेल्यात पाण्याऐवजी सोडियम हायड्रॉक्साइडचं अगदी पातळ द्रावण, दिसायला पाण्यासारखंच. कुठला पेला ते मलाही माहीत नसतं, भरायचं काम दुसऱ्या मॅडम करतात. मग तीन फेऱ्या. दर फेरीत कोणीतरी जोडीदार शोधायचा, दोघांचं पाणी एकत्र करायचं, परत अर्धं अर्धं वाटून घ्यायचं आणि कोणाशी अदलाबदल झाली ते कागदावर लिहायचं. शेवटी प्रत्येक पेल्यात फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब, सोडियम हायड्रॉक्साइड असेल तिथे हे रसायन गुलाबी होतं. ज्याच्यात "संसर्ग" पोचला त्याचं पाणी गुलाबी.

सुरुवातीला विचारलं की किती जणांना लागण होईल, तर ३२ मुलांच्या वर्गात बहुतेक जण तीन नाहीतर चार म्हणतात. होतात आठ. मागच्या वेळी एक मुलगा पेला खिडकीशी धरून बघत होता, थेंब पडला, गुलाबी रंगाची एक रेघ खाली उतरली आणि मग सगळं पाणी गुलाबी झालं आणि तो नुसता म्हणाला "पण मी तर फक्त तिघांनाच भेटलो". हे वाक्य मी फळ्यावर दहा वेळा लिहून दिलं असतं तरी त्याच्या डोक्यात शिरलं नसतं.

माझं मत सरळ आहे, हा खेळ प्रत्येक शाळेत व्हायला पाहिजे. सहकाऱ्यांचं म्हणणं की यात मुलं दुखावतात आणि विज्ञानही चुकीचं शिकवलं जातं. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा

मी विरोधात आहे, आणि कारण ऐकीव नाही, घरातलं आहे. माझ्या भाच्याच्या वर्गात हाच खेळ झाला. शेवटी बाईंनी कागद तपासून "पहिला रुग्ण" शोधून काढला, तो निघाला हा. पुढचे कित्येक दिवस पोरं त्याला व्हायरस म्हणून हाक मारत होती, डब्याला त्याच्या शेजारी कोणी बसेना. पाणीच होतं हो पेल्यात, त्याने काहीच केलं नव्हतं, तरी त्याच्यावर शिक्का बसला.

आणि हे फक्त लहान मुलंच करतात असं समजू नका. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण, स्वतःला कसलाही त्रास नाही पण अंगात टायफॉइडचे जंतू. १९०७ साली तिला धरून वेगळं ठेवलं, १९१० ला सोडलं, १९१५ ला पुन्हा धरलं ते १९३८ मध्ये मरेपर्यंत. तिच्या नावाची शिवी झाली. एड्सच्या बाबतीत तर कॅनडाच्या एका विमान कर्मचाऱ्याला वर्षानुवर्षं "पेशंट झीरो" म्हटलं गेलं. मुळात अभ्यासाच्या कागदावर तो कॅलिफोर्नियाबाहेरचा म्हणून इंग्रजी "ओ" हे अक्षर होतं, ते लोकांनी शून्य वाचलं. २०१६ मध्ये जुन्या रक्तनमुन्यांचा जनुकीय अभ्यास आला तेव्हा साफ झालं की अमेरिकेत साथ त्याच्यापासून सुरू झालीच नव्हती. तोवर तो माणूस जाऊन तीस वर्षं उलटली होती. असला "गुन्हेगार शोधा" खेळ आपण चौदा वर्षांच्या मुलांना का शिकवायचा?

लॅबवाली

रानवाराशी निम्मी सहमत, पण माझं दुखणं वेगळं आहे. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये एलायझा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी शोधायची चाचणी, लावते. शाळांमध्ये या गुलाबी पाण्याला सर्रास "अँटिबॉडी टेस्ट" नाहीतर "एलायझा" म्हणतात आणि ते वाचलं की माझा जीव वरखाली होतो.

चौकस ताई, तुमच्या खेळात सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे जंतू ना? मग थेंब टाकल्यावर तुम्ही जंतू शोधताय. अँटिबॉडी म्हणजे जंतू नव्हे, जंतू आत आल्यावर आपल्या शरीराने तयार केलेली प्रथिनं. ती तयार व्हायला वेळ लागतो, साधारण एक ते तीन आठवडे. म्हणजे काही दिवसांपूर्वी लागण झालेला माणूस आज अँटिबॉडी टेस्टमध्ये निगेटिव्ह येईल आणि तरी दुसऱ्याला आजार देऊ शकेल. आणि महिन्यांपूर्वी बरा झालेला माणूस पॉझिटिव्ह येईल आणि कोणालाच काही देणार नाही. लस घेतलेल्याचंही तेच. एचआयव्हीमध्ये परत वेगळं, तिथे विषाणू शरीरातून जातच नाही म्हणून अँटिबॉडी सापडल्या आणि पुढच्या चाचणीत पक्कं झालं की संसर्ग आहे असंच धरतात. पण त्यातही आईला एचआयव्ही असेल तर बाळाच्या रक्तात आईच्याच अँटिबॉडी दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून तेवढ्या लहान बाळाचं निदान या चाचणीवर करत नाहीत. हे सगळं "गुलाबी म्हणजे आजारी" या एका ओळीत कसं बसवणार? मुलं मोठी होऊन रिपोर्ट हातात घेतात तेव्हा हीच गुलाबी-पांढरी समज डोक्यात असते. घाबरलेल्या माणसाला काउंटरवर हे समजावताना फार वाईट वाटतं.

गणिती

खेळ चांगला आहे, मी बाजूने आहे. पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

एक, दर अदलाबदलीत द्रावण पातळ होतं. तीन फेऱ्यांनी आठवा हिस्सा, पाचव्या फेरीला बत्तिसावा. खऱ्या रोगात उलटं असतं, नव्या शरीरात जंतू वाढतात, दहाव्या माणसाला पहिल्याइतकाच जोरात आजार होऊ शकतो. हे सांगितलं नाही तर मुलं "लांबच्या माणसाकडून आलेला आजार सौम्य" असा समज घेऊन घरी जातील.

दुसरं, रानवारा, तुमच्या भाच्यावर अन्यायच झाला, आणि नुसता माणुसकीच्या हिशेबाने नाही, गणिताच्याही. ज्या गुलाबी मुलाने एखाद्या फेरीत शेवटी बिनरंगी राहिलेल्याशी अदलाबदल केली तो तेव्हा स्वच्छ होता, असं करत करत मुलं बाद करता येतात. पण कागदावरून कितीही माग काढला तरी शेवटी दोघं उरतातच, पहिल्या फेरीत एकमेकांशी अदलाबदल केलेले. त्यातला आधी कोण हे त्या कागदांवरून कळणं शक्यच नाही. सुरू करायच्या आधी प्रत्येकाच्या पेल्यातले चार थेंब वेगळे ठेवले तरच कळतं. मग बाईंनी "हाच तो" असं कशावरून ठरवलं?

रानवारा

हे मला माहीत नव्हतं. बहिणीला आजच सांगतो.

धडपड्या

एवढं सगळं ठीक आहे पण वेळ कुठून आणायचा? खेळाला दोन तास, पेले धुणं, आवरणं वेगळंच. परीक्षेत यावर दोन मार्कांचा प्रश्न. शिवाय सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात उडालं तर जबाबदारी कोणाची?

चौकस

धडपड्या, डोळ्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. चष्मे घातल्याशिवाय मी बाटली उघडू देत नाही आणि यंदापासून धुण्याचा सोडा वापरणार आहे, त्यानेही फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होतं आणि धोका खूप कमी. मार्कांबद्दल मात्र मी वाद घालणार नाही, २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या मुलांना "साखळी तोडा" हे शब्द रोज कानावर पडत होते आणि साखळी म्हणजे काय हे कोणी दाखवलं नव्हतं. त्यासाठी दोन तास जाऊ देत.

लॅबवाली ताई, तुमचं वाचून खरंच ओशाळले. मी सुद्धा फळ्यावर "अँटिबॉडी चाचणी" असंच लिहीत आलेय, किटच्या पुस्तिकेत तसं छापलं होतं म्हणून. यापुढे नाही.

गणिती सर, पातळ होण्याबद्दल मी आधीच सांगून टाकणार नाही, मुलांनाच विचारीन की आपल्या खेळात खोटं काय आहे. शेवटच्या पेल्यांचा रंग फिका आला तर कोणीतरी बोलेलच.

रानवारा, तुमच्या भाच्याबद्दल वाचून रात्री झोप लागली नाही. मी "पहिला रुग्ण कोण" हा भाग घेते आणि मुलांना तोच सगळ्यात आवडतो, पण का आवडतो याचा मी विचार केला नव्हता. असं केलं तर? पेल्यांवर नंबर घालायचे आणि दर फेरीनंतर पेले टेबलावर ठेवून दुसराच उचलायचा. म्हणजे गुलाबी होतो तो पेला, मूल नाही.

गणिती

मला हे पटलं नाही. पेला बदलत राहिला तर तुमच्या त्या खिडकीपाशी उभ्या मुलाचं "मी तर फक्त तिघांनाच भेटलो" हे वाक्य येणारच नाही. आपल्या हातून नकळत पुढे जातं, हे त्याला कळलं ते पेला त्याचा होता म्हणून. त्यापेक्षा पहिला रुग्ण शोधायचा भाग काढा, किंवा दोघांपाशी येऊन थांबा आणि मुलांना सांगा की इथून पुढे सांगता येत नाही.

रानवारा

गणिती, तुमच्या वर्गात कोणाच्या घरी काय झालंय हे तुम्हाला माहीत असतं का? एखाद्या मुलीचे आजोबा कोविडमध्ये गेले असतील आणि तिला आधीच वाटत असेल की आजार घरात आपणच आणला. तिच्या हातातला पेला गुलाबी झाला तर? शिकवायला ते वाक्य फार छान आहे, पण त्या मुलीला ते कायमचं लागेल. मला नंबरवाला पेला बरा वाटतो. आणि खेळाआधी मुलांना मोकळेपणी विचारा, ज्याला नको त्याला नोंदी ठेवायचं काम द्या.

गणिती

हो, हा विचार मी केला नव्हता. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही.

लॅबवाली ताईंच्या मुद्द्यावर एक सुचवतो, याला रसायन काहीच लागत नाही. १००० लोकांचं गाव घ्या, त्यात १० आजारी. चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर पकडते आणि निरोगी लोकांपैकी ५ टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. मग पॉझिटिव्ह किती? खरे ९, खोटे जवळपास ५०. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या सहा-सात जणांत एकच खरा आजारी. आता तीच चाचणी २०० आजारी असलेल्या गावात लावा, खरे १८०, खोटे ४०. चाचणी तीच पण रिपोर्टचा अर्थ बदलला. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्या, मी वर्गात केलाय, पहिलं उत्तर आल्यावर निम्मी मुलं म्हणतात सर गणित चुकलं.

लॅबवाली

गणिती सर, हा हिशेब प्रत्येक मुलाने एकदा तरी करायलाच हवा.

आणि चौकस ताई, अँटिबॉडी टेस्ट दाखवायचीच असेल तर पेले बाजूला ठेवा आणि मुलांनाच उभं करा. खऱ्या एलायझात प्लेटच्या छोट्या खळग्यांना, ९६ असतात एका प्लेटला, आधीच जंतूचा तुकडा म्हणजे अँटिजेन चिकटवलेला असतो. तेव्हा चार मुलं भिंतीला टेकून उभी करा, हातात कागदाचा अर्धा तुकडा, विशिष्ट आकारात फाडलेला. ही अँटिजेन. मग दहा-बारा मुलं "रक्त" म्हणून आत सोडा, प्रत्येकाकडे वेगळा तुकडा, ज्याचा आकार जुळेल त्यानेच भिंतीवरच्याचा हात धरायचा. आता मोठ्याने म्हणा "धुतलं", आणि हात न धरलेले सगळे बाहेर. मग तिसरा गट, हातात गुलाबी कागद, ही दुसरी अँटिबॉडी, रंग आणणारं एन्झाइम हिच्यावर असतं. यांनी फक्त आत टिकलेल्या अँटिबॉडीवाल्यांचेच हात धरायचे. परत "धुतलं". उरलेले गुलाबी कागद मोजा. एकही नसेल तर रिपोर्ट निगेटिव्ह.

हे एकदा नीट झालं की दुसऱ्यांदा मुद्दाम असं रक्त सोडा की कोणाचाच तुकडा जुळत नाही, आणि शेवटचं "धुतलं" म्हणू नका. गुलाबी कागदवाली मुलं आत नुसती घुटमळत राहतील, मोजली तर आकडा भरपूर येईल, आणि पेशंट निरोगी आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी धुणं घाईत उरकलं होतं आणि अख्खी प्लेट रंगली होती. सरांनी एकही रिपोर्ट बाहेर जाऊ दिला नाही, सगळं परत लावायला लावलं.

चौकस

हे मी या मंगळवारीच घेते. पेल्यांच्या खेळाचं अजून ठरत नाहीये, नंबरवाला पेला की स्वतःचा, मुलांशी आधी बोलून मग बघते. लॅबवाली ताई, एकच विचारायचं होतं, भिंतीपाशी उभ्या मुलांना तुकडे देताना सगळ्यांचा आकार एकच ठेवायचा ना?

लॅबवाली

हो, चौघांनाही एकच. एका प्लेटवर एकाच रोगाचं अँटिजेन.