मदत हवी आहे: टी-पेशींमध्ये ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या, दाणेदार पांढऱ्या पेशी) घुसताहेत

महापेच्या लॅबमध्ये निरोगी दात्यांच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या करतोय. फायकॉल (घनतेनुसार पेशींचे थर पाडणारं द्रावण) 1.077, सेंट्रिफ्यूज 400 जी, 30 मिनिटं, ब्रेक बंद. मग चुंबकी मण्यांनी निगेटिव्ह सिलेक्शन, म्हणजे अँटिबॉडींच्या मिश्रणाने नको त्या पेशी मण्यांना चिकटवून काढायच्या, टी-पेशींना हात नाही. रक्त घोडबंदरहून बर्फाच्या डब्यात येतं, ट्रॅफिक लागलं की दुपारच होते. त्या दिवशी पांढरा थर धुरकट, खाली लालसर, आणि फ्लो सायटोमेट्रीत (पेशी ओळखून मोजायची चाचणी) सीडी3 (टी-पेशींची खूण) जेमतेम 80 टक्के. उरलेल्या बहुतेक सीडी15वाल्या, म्हणजे ग्रॅन्युलोसाइट. ताज्या रक्तात 95च्या वर. फायकॉल खोलीच्या तापमानाला आणलं, धुणं वाढवलं, मण्यांची नवी बाटलीही फोडली (खिसा रिकामा!). फरक शून्य. सीडी3वर पॉझिटिव्ह सिलेक्शन नको, टी-पेशीच्या रिसेप्टरला (सीडी3 त्याचाच भाग) आधीच हात लावायचा नाहीये. गाडी लवकर सुटणार नाही, तेही धरून चाला. मग रक्त बर्फाऐवजी 20 अंशांवर आणावं, की मिश्रणात सीडी15 अँटिबॉडी वाढवावी? कुणी दोन्ही करून पाहिलंय का?