स्पिटफायरचा खालचा बोल्ट फिरतो, पण निघत नाही

कॉव्हेंट्रीकर:
मंडळी, गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ४, १९७२ची. जिथे बनली त्या कॅन्लीपासून चार मैलांवर माझ्या गॅरेजात स्टँडवर उभी आहे. पुढचं डावं चाक. ट्रनियन, म्हणजे चाक धरणाऱ्या उभ्या लिंकच्या तळाचा आटेदार सांधा, विशबोनला, म्हणजे सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याला, धरणारा आडवा बोल्ट. नट पटकन सुटला, तिथेच मी फसलो. पाना लावला की बोल्ट लोण्यासारखा फिरतो, पण बाहेर केसभर सरकत नाही. तीन दिवस तेल पाजतोय, ठोकून ठोकून आट्यांचं टोक चेपलंय. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि आधीचा मालक बारा महिने चालवायचा. ब्लोटॉर्च लावू का? बायको नको म्हणते, गॅरेज घराला चिकटून आहे.

रॉकेलवाला:
रात्रभर रॉकेलमध्ये भिजवा.

कॉव्हेंट्रीकर:
अख्खी गाडी?

जुनी_हेरल्ड_पुणे:
वहिनींचं ऐका. शेजारी ब्रेकचा होज आहे, वर तुम्ही तीन दिवस तेल ओतलंय. बोल्ट फिरतो म्हणजे सुटला असं नाही. तो आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव झालाय, आणि नळीच नायलॉनच्या बुशात, म्हणजे भोकातल्या अस्तरात, फिरतेय. मद्रासला बनायची त्या स्टँडर्ड हेरल्ड गाडीचं पुढचं सस्पेन्शन हेच. आमच्या मिस्त्रीने ठोकाठोकी केलीच नाही. विशबोन आणि ट्रनियनमधल्या फटीत नुसतं हॅक्सॉचं ब्लेड घातलं, धरायला चिंधी गुंडाळली, दोन्ही बाजूंनी कापलं. बोल्ट, नळी, बुश भंगारात, किट मिळतं. विशबोनला मात्र ब्लेड लागू देऊ नका.

आटेवाला:
ट्रनियन सुटलाच तर उभ्या लिंकवरून काढून बघा. डावीकडचे आटे उलटे आहेत, जोर लावण्याआधी आठवा. आत ग्रीस भरलेलं दिसलं तर धुऊन टाका, ईपी ९० गिअर ऑईल घाला. ग्रीस तळापर्यंत पोचत नाही, पाणी साचतं, लिंक आतून गंजते आणि एखाद्या वळणावर तुटते.

कॉव्हेंट्रीकर:
निघाला! पहिली बाजू पाऊण तास, दुसरी जरा लवकर, पाच ब्लेडं गेली. कापलेल्या तोंडावर बोल्ट कुठे संपतो आणि नळी कुठे सुरू होते तेच कळत नाही, नुसती एक तांबूस रेघ. ट्रनियनमध्ये ग्रीसच होतं, काळं, सुकलेलं. लिंक नवी मागवलीय. नव्या बोल्टला नळीत जाताना कॉपर ग्रीस फासणार, आणि नट शेवटचा आवळणार तो गाडी चाकांवर टेकल्यावरच.

उजवीकडचा नट अजून सोडलेला नाही. ब्लेडं सात उरलीत.