मदत हवी आहे: बदामी-हंपी ट्रिप, सहा तोंडं आणि सहा तऱ्हा, जेवायचं कुठे?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून गाडीने सोलापूर, विजापूर, बदामी, हंपी असा बेत आहे आणि येताना होस्पेट-गदग-हुबळी-बेळगाव-कोल्हापूर करत परत. निमित्त आईचं. माझ्या माहेरची कुलदेवता बदामीजवळची बनशंकरी, आईला कधीचं जायचंय आणि पौषातल्या जत्रेची गर्दी तिला झेपणार नाही म्हणून आधीच उरकतोय. राहायची बुकिंगं झाली, गाडीचं सर्व्हिसिंग झालं, आता उरलंय खाण्याचं आणि तिथेच घोडं अडलंय.

आमची मंडळी सांगते म्हणजे अंदाज येईल. आई कांदा-लसूण खाते पण जिथे मांसमच्छी शिजते तिथलं पाणीसुद्धा पीत नाही. बाबांना शुगर, एक म्हणजे एकला ताट समोर लागतं, सव्वा झाला की चिडचिड आणि दीड झाला की घाम, त्यामुळे "अजून थोडं पुढे बघू" हे वाक्य आमच्या गाडीत उच्चारायचं नाही. नवरा कोल्हापूरचा, ट्रिपमध्ये एकदा तरी झणझणीत मटण पाहिजे. मुलगा तेरा वर्षांचा, त्याला काहीही चालतं पण ढीगभर लागतं. मुलगी सहाची, तिखटाचा कण लागला की भोकाड. मी काहीही खाते, पण पनीर बटर मसाला मात्र आता बास.

बजेट म्हणाल तर एका वेळेला सहा जणांचे हजार-बाराशे, एखाद्या दिवशी जास्त झाले तर चालेल पण रोज नको.

आता खरा प्रश्न. तुम्ही लोक नवीन गावात आपल्या चवीचं आणि खिशाला परवडणारं ठिकाण शोधता कसं? मी मॅपवर रेटिंग बघून जाते आणि हमखास फसगत होते. मागे एका थंड हवेच्या ठिकाणी साडेचार स्टार आणि हजारांवर रिव्ह्यू बघून गेलो, बाहेर पाऊण तास उभं, आत गेलो तर ग्रेव्हीत साखर, रोट्या चामड्यासारख्या आणि बिल बघून बाबा म्हणाले एवढ्यात घरी गॅसचे दोन सिलिंडर आले असते. रिव्ह्यू परत वाचले तर निम्मे लोक लॉनचं आणि झोपाळ्याचं कौतुक करत होते! "बदामीतली टॉप हॉटेलं" शोधलं तर प्रत्येक यादीत तीच नावं आणि मेन्यू बघावा तर पंजाबी, चायनीज, थोडंसं साऊथ. अरे त्या भागातली माणसं जे जेवतात ते कुठे मिळतं? या रूटवर कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, नुसती नावं नकोत, शोधायचं कसं तेही सांगा म्हणजे पुढच्या वेळी परत धागा काढायला नको.

विजापूरकर_पुण्यात

ताई, बरं झालं विचारलंत, आमच्या भागाबद्दल कोणी विचारतच नाही, सगळे गोलघुमटावर आवाज काढून पुढे जातात.

मॅपवर रेस्टॉरंट शोधूच नका. "खानावळी" किंवा "लिंगायत खानावळी" असं टाका. विजापूर, बागलकोट, बदामी, गदग, हुबळी सगळीकडे सापडतील. लिंगायत खानावळी शुद्ध शाकाहारी, आईंचा प्रश्न तिथेच मिटला. बोर्ड छोटा असतो, आत चार-सहा टेबलं, फोटोही धड नसतात म्हणून तुमच्या त्या टॉप याद्यांत येत नाहीत. ताटात ज्वारीची भाकरी, येण्णेगाई म्हणजे आपलं भरलं वांगं पण तेल जरा सढळ, मटकीची नाहीतर मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, सोबत कच्ची मेथी, कांदा, काकडी, दही, शेवटी भात-सार आणि ताक. बऱ्याच ठिकाणी भाकरी हवी तेवढी, तुमच्या मुलाची सोय झाली. माणशी शंभर-दीडशेत पोट भरतं, जास्त भपका असेल तर थोडे वाढतील.

फक्त भाकरी दोन प्रकारच्या असतात हे लक्षात ठेवा. एक कडक, पापडासारखी, ती महिनाभर टिकते आणि खाताना आवाज होतो. दुसरी गरम मऊ, "बिसी रोट्टी" म्हणून मागायची. काही सांगितलं नाहीत तर जी तयार असेल ती येते.

मॅपवाला_मामा

रेटिंगला नावं ठेवू नका, बघायची पद्धत बदला. मी काय करतो, एकूण आकडा बघतच नाही. रिव्ह्यू "नवीन आधी" असे लावतो कारण दोन वर्षांपूर्वीचा आचारी आज तिथे असेलच असं नाही. मग रिव्ह्यूमध्येच सर्च करायची सोय असते तिथे आपल्याला हवी ती गोष्ट टाकायची, भाकरी, थाळी, कमी तिखट, लहान मुलं, जे असेल ते. तुमच्या लॉनवाल्या ठिकाणी "रोटी" टाकून बघितलं असतंत तर लोकांनी लिहिलेलं दिसलं असतं.

दुसरं, मालकाने टाकलेले फोटो सोडा, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा. मेन्यूकार्डाचा फोटो कोणीतरी टाकलेलाच असतो, त्याची तारीख बघायची आणि जुना असेल तर भावात पंधरा-वीस टक्के वर धरायचे, की बजेट गाडीत बसल्या बसल्या ठरतं. आणि वडिलांसाठी ते गर्दीचे उभे पट्टे दाखवतात ना तासाप्रमाणे, ते बघा. एकला गर्दीचा कळस असेल तर साडेबाराला जाऊन बसा. खानावळीत गरम भाकरी तेव्हाच मिळते, दोननंतर गेलात तर वांगं संपलेलं असतं.

हायवेचा_जुना_खिलाडी

मामांशी अर्धा सहमत. छोट्या गावात नेटवरचं काही खरं नसतं, विचारावं लागतं. पण कोणाला विचारता त्यावर सगळं आहे. लॉजच्या काउंटरवर विचारू नका, तो त्याच्या ओळखीच्याकडे पाठवतो. मेडिकलवाला, झेरॉक्सवाला, बँकेतला शिपाई, ही माणसं रोज दुपारी तिथेच जेवतात. आणि "चांगलं हॉटेल कुठे" असं विचारलंत की पुण्याची गाडी आणि घरातली म्हातारी माणसं बघून तो आदराने तुम्हाला एसी फॅमिली रेस्टॉरंटला पाठवणार, जिथे तो स्वतः लग्नाच्या वाढदिवसालाच जातो. "खानावळी यल्लि?" एवढंच विचारा, हाताने दाखवतात.

आणि ते ट्रक थांबतात तिथे जेवण चांगलं वगैरे मला कधी पटलेलं नाही. ट्रक थांबतो जिथे गाडी लावायला जागा, अंघोळीला पाणी आणि पडायला बाज असते तिथे. जेवण बरं निघालं तर नशीब.

सोलापूर-विजापूर साधारण शंभर किलोमीटर आहे. पुण्याहून पहाटे निघालात तर सोलापुरात उशिरा नाश्ता आणि विजापुरात एकच्या आत जेवण बसतं. तिथून बदामी अडीच-तीन तास.

धागाकर्ती

बापरे, एवढ्या पटकन एवढे प्रतिसाद! खानावळी हे टाकून आत्ता बघितलं, विजापुरातच किती निघाल्या, आणि एकीच्या रिव्ह्यूमध्ये "भाकरी" शोधलं तर मराठीत लिहिलेले पण सापडले, सोलापूरकर दिसतायत. मामा, मानलं तुम्हाला.

बाबांची कवळी आहे हो, कडक भाकरी आली तर संपलंच, बिसी रोट्टी पाठ करून ठेवते. मुलीचं काय करू? शेंगदाण्याची चटणी पण तिखट असते ना? आणि बनशंकरीला देवळापाशी काही मिळतं का? आईला दर्शनाआधी काही खायचं नसतं त्यामुळे बाहेर आल्या आल्या सोय लागेल.

अमृता_बागलकोट

बनशंकरीला जेवणाची चिंताच करू नका, मी तर म्हणेन त्या दिवशी हॉटेलचा विचारच सोडा. देवळासमोर मोठं तळं आहे, हरिद्रातीर्थ, त्याच्या आसपास गावातल्या बायका डोक्यावरून टोपल्या घेऊन येतात आणि बसतात. टोपलीत फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या, डब्यांतून झुणका, वांग्याची भाजी, उसळ, लाल चटणी, आणि गाडग्यात लावलेलं घट्ट दही. भाकरीवरच सगळं वाढून देतात, वर दही. दोन-तीन जणी मागे लागतात, "बा अक्का, ऊट माडु" (ये ताई, जेव) करत, गोंधळून जाऊ नका, भाव आधी विचारा आणि एकीकडे बसा. माझी सासू आयुष्यभर पंगतीतलं जेवलेली बाई, ती तिथे पायरीवर बसून दोन भाकऱ्या जेवली.

बदामी गावापासून हे पाचेक किलोमीटरवर आहे. सकाळी लेण्या करा, उन्हाच्या आधी, मग दर्शन, मग हे जेवण. बाबांचा एक वाजतो बरोबर. भाकऱ्या घरून भाजून आणलेल्या असतात, मऊ कुठली ती बोटाने दाबून घ्या, त्या काही म्हणत नाहीत.

मुलीसाठी दही-भात, दही-भाकरी. हॉटेलात "खारा कम्मी" म्हणा, पण खरं सांगू का, आमच्याकडचं कम्मी म्हणजे पण तुमच्या लेकीला जास्तच होणार. सकाळी इडली, खाली दोसा म्हणजे बटाटा न घातलेला, किंवा शिरा भरपूर खाऊ घाला. चौ चौ भात मागवलात तर एका ताटलीत उपमा आणि शिरा दोन्ही येतं, उपमा तुम्ही खा.

पट्टदकल आणि ऐहोळे या बदामीजवळच्या जुन्या देवळांच्या गावांना मात्र धड हॉटेल मिळेल या भरवशावर जाऊ नका. शहाळं, काकडी, बिस्किटं मिळतात. त्या दिवशी बदामीतून भाकरी-चटणी बांधून घ्या.

तुंगभद्रेकाठी

हंपीचं मी सांगतो. विरुपाक्ष देवळाच्या आजूबाजूला मांसाहार आणि दारू नाही, आईंना निर्धास्त ठेवा. बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत छोटी कॅफे आहेत, परदेशी लोकांमुळे पास्ता, पॅनकेक असलं सगळं मिळतं, मुलीला तिथे न्या. मँगो ट्री नावाचं प्रसिद्ध आहे, खाली बसून जेवायची सोय, पण सुट्टीत वेटिंग असतं आणि ज्येष्ठांना खाली बसायला त्रास असेल तर टेबल मिळेल का ते आधी विचारा. बजेटमध्ये बसेल, पण खानावळीच्या भावात नाही.

विठ्ठल मंदिराकडे गेलात की जेवणाचं विसरा. पार्किंगपासून बॅटरीची गाडी, तिची रांग, आत फिरणं, उन्हात किती वेळ गेला कळत नाही. ते सकाळी पहिलं करा आणि जेवायला परत फिरा. हंपीजवळच्या कमलापूरला पर्यटन खात्याचं मयूरा भुवनेश्वरी आहे, चवीत काही विशेष नाही पण जागा, टॉयलेट, वेळेवर ताट हे सगळं असतं, वडील बरोबर असताना मी चव सोडून तेच बघतो. आईंना मात्र आधी विचारा, तिथे स्वयंपाकघर एकच असायची शक्यता आहे.

नाताळ ते नवीन वर्ष हंपी तुडुंब असतं, रात्रीचं जेवण आठच्या आत उरका.

सावजीभक्त

सगळे भाकरीवर घसरले, जावईबापूंच्या मटणाचं कोणी बघेना! येताना गदग-हुबळीवरून येताय ना, मग सावजी खानावळी शोधा. हा नागपूरचा सावजी नव्हे, तिकडच्या एसएसके म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या खानावळी. मटणाचा रस्सा, खिमा, सोबत भाकरी नाहीतर चपाती. तिखट असतं, कोल्हापूरकराला पण घाम फुटेल. दोन गोष्टी: काही ठिकाणी पिणाऱ्यांची बैठक असते म्हणून बायकामुलांना नेण्याआधी फॅमिली सेक्शन आहे का ते फोन करून विचारा, आणि आईंना शेजारच्या एखाद्या उडुपीत बसवा, हुबळीत दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर मिळून जातं. नाहीतर मिस्टर आणि चिरंजीव पार्सल आणून रूमवर खातील, काय बिघडलं.

हिशेबी_माणूस

बजेटवाल्यांसाठी थोडं रुक्ष. उडुपी हॉटेलांत तोच डोसा खालच्या हॉलमध्ये एका भावाला आणि वरच्या एसीत दुसऱ्या भावाला असतो, बसायच्या आधी विचारा. बिलात जीएसटी साधारण पाच टक्के लागतो तो ठीक, पण सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही, काढायला सांगता येतो, 2022 मध्ये ग्राहक प्राधिकरणाने तसं स्पष्ट केलंय. आणि सहा जणांना सहा थाळ्या घेऊ नका. चार थाळ्या, लेकीला दहीभात, आईंना हवं ते वेगळं. थाळीत शेअरिंग चालत नाही असा बोर्ड असेल तर वाद घालू नका, तिथे त्यांचं बरोबर आहे.

धागाकर्ती

धन्यवाद सगळ्यांना, नवरा सावजीचा प्रतिसाद तीनदा वाचून बसलाय. अमृता, तुमचं वाचून आईला फोन लावला, ती म्हणते तिच्या आजीने पण त्या टोपलीवाल्यांचं सांगितलं होतं, तिला वाटलं आता बंद झालं असेल.

असं ठरवलंय: दुपारचं जेवण खानावळीत नाहीतर बांधून, नाश्ता उडुपी, रात्री जे समोर येईल ते हलकं. दोन खानावळींना आदल्या दिवशी फोन करून सहा जण येतोय सांगणार आहे. मोठी माणसं घेऊन परत फिरायला नको.

शेवटचं एक, बदामीहून हंपीला जाताना वाटेत बाबांची शुगर सांभाळून घरी न्यायला काय घेता येईल? धारवाडचा पेढा आणि बेळगावचा कुंदा येताना वाटेत आहेच, ते त्यांच्यापासून लपवायचंय.

अमृता_बागलकोट

ऐहोळे करून हुनगुंदच्या बाजूने जाणार असाल तर अमीनगड लागतं, तिथला करदंट घ्या, डिंक, सुकामेवा आणि गूळ. गूळ आहे, तेव्हा बाबांपासून तोही लपवा. त्यांच्यासाठी कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्यांचा गठ्ठा घ्या. कवळीचं विसरलेच, गरम वरणात कुस्करून द्या, मऊ होतात.