जुन्या सागवानासाठी थिकनेसर घ्यावा का?

दादा, खानापूरच्या जुन्या घराच्या सागवानी तुळया फाडून फळ्या करायच्या आणि त्या रंधायला मकिता २०१२एनबी हे थिकनेसर मशीन घ्यायचं, असं तुम्ही लिहिलंय. मशीन चांगलंच आहे: ३०४ मिमी रुंदी, १६५० वॅट, वजन साधारण २८ किलो, म्हणजे दोघांनी उचलून पडवीत ठेवता येतं. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. थिकनेसर फळीची जाडी एकसारखी करतो, वाक काढत नाही. आतले रोलर वाकडी फळी दाबून सरळ धरतात, पातं फिरतं आणि बाहेर आली की फळी पुन्हा वाकते. जुन्या तुळयांच्या फळ्या बऱ्याचदा पिळलेल्याच निघतात. म्हणून आधी हातरंध्याने एक बाजू सपाट करून घ्या, नाहीतर सपाट प्लायवर फळी ठेवून खालच्या फटीत पाचरी बसवा आणि प्लायसकट आत सोडा.

आणि खिळे! माझ्या पात्याला तुळईतला एकच मोडका खिळा लागला, पुढच्या प्रत्येक फळीवर लांब रेघ उमटत गेली. फार जीव हळहळला. मेटल डिटेक्टर आधी घ्या, मशीन नंतर. सागवानात सिलिका असते, पाती लवकर बोथट होतात. यातली पाती दोन्ही बाजूंनी वापरता येतात, तरी एक जोडी जादा ठेवाच.

एका वेळी अर्धा मिमीच काढा. टोकांना खड्डा पडतो, म्हणून फळी दोन्हीकडे चार बोटं लांब ठेवा.

वीसेक फळ्याच असतील तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा जवळच्या सॉ मिलमध्ये मजुरी देऊन काढून घ्या. पुढेही फर्निचर करणार असाल तर मात्र बिनधास्त घ्या.