घरात कोणीतरी सांगितलेली प्राण्यांची गोष्ट, जी पुढे खरी निघाली

शिवोलीची_लेक
काल म्हापशाच्या बाजारातून कुर्ल्या आणल्या. साफ करत होते, तर लेक येऊन शेजारी बसली. एक कुर्ली उताणी केली, पोटावरचं झाकण रुंद, गोलसर. दुसरीचं अरुंद, टोकाकडे निमुळतं. आणि एकदम आजीचा आवाज कानात आला, "ही बायल, हो दादलो." बायलेचं झाकण रुंद का, तर त्याखाली ती अंडी सांभाळते. आजीला एखादी अंड्यांची कुर्ली मिळाली की ती ठेवून घेत नसे. अंडी केशरी असली तर म्हणायची, अजून वेळ आहे. काळपट झाली की पिल्लं आलीच. मग टोपली कडेवर घेऊन खाडीपर्यंत चालत जायची, सोडून यायची. आजी शाळेत गेली नव्हती. नंतर पुस्तकात वाचलं तेव्हा हेच लिहिलेलं.
तुम्हाला कोणी काय सांगितलं होतं? लिहा ना.

कुडाळ_ते_पणजी
वाटपाला सुकं खोबरं घेतलंस की ओलं?

शिवोलीची_लेक
ओलंच. भाजून.

मोरजेकार
आमच्याकडे कासवं. पपांच्या लहानपणी लोक अंडी उकरून खायचे, विकायचेही, त्यात कोणाला काही वाटत नसे. मी मोठा होईपर्यंत किनाऱ्यावर राखण सुरू झाली होती. राखणदार काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अंडं उचललंस तर वरची बाजू वरच ठेव, फिरवू नकोस. आत जीव एका बाजूला चिकटलेला असतो, उलटा झाला की मरतो. एका खड्ड्यात शंभरच्या आसपास अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण कवच मऊ. बोटाने दाबलं तर खळगा पडतो. आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, थंड राहिली तर नर. हे काकांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं थट्टा करतायत.

सावईवेरेची_सून
@मोरजेकार मगरीचंही असंच असतं, पिल्लू नर की मादी ते ऊन ठरवतं! आमचं बोरी-दुर्भाट बाजूला येणंजाणं. तिथे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, मांगे थापणी. अंगावर खवल्यांसाठी शिंपल्या खोचतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आहेत, खारं पाणी असूनही. खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या शेताच्या, बांधावर जन्म गेला त्या लोकांचा, मगरीशी भांडून कसं चालेल? सासूबाई अजून हात जोडतात. आता मीही जोडते.

दोन_मुलांची_आई
मला कोणी सांगितलं नाही, मुलाने सांगितलं 😊 मी इतकी वर्षं माणक्यो (माकूळ, स्क्विड) साफ करतेय, रक्त कधी दिसलं नाही. तो म्हणाला, आई, माणक्याचं रक्त निळं असतं, त्यात लोखंड नाही, तांबं असतं. आणि हृदयं तीन. दुसऱ्या दिवशी एक माणकी हातात घेऊन उगाच बघत बसले. शाई फुटून ओटा काळा झाला, नवरा ओरडला. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

डिचोलीकार
काजूच्या दिवसांत आजोबा पहाटे बागेत जायचे. झाडाखाली सोडून लांब कुठेतरी बिया पडलेल्या, बोंडं गायब. वटवाघळं रात्री बोंड घेऊन उडतात, चोखतात, बी टाकतात. आजोबा त्या बिया वेगळ्या ढिगात ठेवायचे, म्हणायचे ही त्यांची मजुरी. आणि खरं फळ म्हणजे बी. बोंड नुसता फुगलेला देठ. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेलं झाड, आमच्या वटवाघळांना कोणी शिकवलं असेल?

कुडाळ_ते_पणजी
आमच्याकडे दोन दिवस वीज नाही, फोन पाच टक्क्यांवर. कोणीतरी लिहा, वाचून झोपते.

पेडण्याची
मागच्या महिन्यात आमची आई गेली. ती कोकिळा बोलली की म्हणायची, "तो नर हां बाय. मादीला कुहू येत नाही." अंगणातल्या आंब्यावर ठिपक्याठिपक्यांचा पक्षी बसायचा, तोंडाने कुहू नाही, ती त्यालाच मादी म्हणायची. खरं होतं ते. काळा, लाल डोळ्यांचा, तोच कुहू करतो. यंदा तो ओरडला तेव्हा सांगायला कोणी नव्हतं. बरं वाटलं इथे लिहून.

सावईवेरेची_सून
अगो, ऐकून वाईट वाटलं. त्या आंब्याखाली चहा घे आज.

मोरजेकार
@पेडण्याची आमच्या आंब्यावर आज सकाळीच बोलला. आईंना नमस्कार.

शिवोलीची_लेक
सगळं लेकीला वाचून दाखवलं. आता तिला कासवं बघायची आहेत. मोरजेकार भाऊ, कधी येऊ?

मोरजेकार
अंडी थंडीत घालतात. पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी. फेब्रुवारी-मार्चमध्ये या. फक्त रात्री टॉर्च लावू नका. पिल्लू उजेडाकडे चालतं, समुद्राऐवजी तुमच्याकडे येईल. काका सांगतील तिथेच उभं राहायचं.

शिवोलीची_लेक
नाही लावत. अनवाणी येतो.