सरावाला बोथट पातं की धारेचं?

अमळनेरकर
शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी आमच्या मंडळाची पोरं दांडपट्टा (लांब, लवचीक पात्याची तलवार) शिकतात. यंदा सरावात नववीतल्या एका मुलाला हातावर आठ टाके पडले. पट्टा धारेचा होता. जोडीने खेळताना आणि रंगमंचावर बोथट पातंच हवं, कड निदान २ मिमी जाड, टोक गोल. यात वाद काय आहे तेच मला कळत नाही.

चोपड्याचा पट्टेकरी
भाऊ, तू म्हनस ते खरं शे, पन बोथटानं पोरं बेफिकीर होतात. मी धारेवरच शिकलो. जमिनीवरचं लिंबू कापताना छाती धडधडायची, त्या भीतीनंच पाऊल जागेवर पडायला लागलं. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही, सगळा फिरवा खांद्या-कमरेतून येतो. पात्याचं वजन नि लवचीकपणा बदलला की पोरगा भलतंच शिकतो.

अमळनेरकर
वस्ताद, लिंबाला धार लागते, मान्य. समोर माणूस असताना कशाला? जोडीसाठी आपल्या आखाड्यांत फरीगदका होताच ना: चामडं मढवलेली काठी आणि छोटी ढाल. जुन्या वस्तादांनीच ही सोय केलेली आहे.

धुळ्याची फेन्सर
बोथट म्हणजे निर्धोक नव्हे, हेही लक्षात घ्या. १९८२ साली रोमच्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह या ऑलिंपिक विजेत्याच्या समोरच्याचं फॉइल (टोकाने खेळायची बारीक तलवार) मोडलं आणि तुटका तुकडा जाळीचा मुखवटा भेदून आत गेला. काही दिवसांत तो वारला. फॉइलला धार नसतेच! त्यानंतर पात्यांचं पोलाद आणि मुखवटे, दोन्ही बदलले. तुमची पोरं डोळ्यांना काय लावतात?

फडावरचा
तमाशाच्या वगात आम्ही आधी पत्र्याच्या तलवारी वापरायचो. पत्र्याची कडही कापते. मग धारेच्या तलवारी लोहाराकडून घासून बोथट करून घेतल्या. कड पातळच राहिली, तलवारीवर तलवार आपटून तिला दाते पडले, आणि त्या दात्यांनी माझा पंजा फाडला. आता गाडीच्या कमानपाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) मुळातच जाड कडेच्या बनवून घेतल्या आहेत. खेळाआधी रोज कडेवरून चिंधी फिरवतो. अडकली की ती तलवार कानशीखाली. वारही ठरलेले, अंगापासून वीतभर लांब.

चोपड्याचा पट्टेकरी
तलवारीचं ठीक. कमानपाट्याचा पट्टा लवणार कसा?

अमळनेरकर
लोहाराला पातळ ठोकायला सांगून एक करून बघतो. फडावरचे भाऊ, तुमची तलवार वजनाला किती भरते? नववीतल्या पोराला पेलायला हवी.