सेक्रेटरीच्या जॉबमध्ये आता काही उरलंय का? वय ३४, सल्ला हवाय

अंधेरी_लोकल
नमस्कार मंडळी. अंधेरीतल्या एका कंपनीत ११ वर्षं सेक्रेटरी आहे. रिसेप्शनवर लागले होते, मग एका डायरेक्टरकडे बसवलं. तेव्हा आम्ही सहाजणी होतो, प्रत्येक साहेबाला एक. आता दोघी उरलोय आणि माझ्या एकटीकडे चार साहेब. गेल्या महिन्यात ते एआयचं टूल आलं, मीटिंग संपली की मिनिट्स, म्हणजे मीटिंगमध्ये काय बोललं-ठरलं त्याची नोंद, आपोआप सगळ्यांच्या मेलवर, त्यावर एक साहेब हसत म्हणाले "आता तुला काय काम उरलं गं?" मस्करीच होती पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बी.कॉम. आहे, इंग्लिश टायपिंग मिनिटाला ४० शब्दांचं झालंय, शॉर्टहँड (बोललेलं खुणांच्या लिपीत भराभर लिहिणं) येत नाही. घरचे म्हणतात शॉर्टहँड शिक आणि सरकारी लघुलेखकाची परीक्षा दे. मी ओपनमधली, मुलगा दुसरीत. करावं का?

फोर्टचा_जुना_स्टेनो
ताई, मी १९८३ ला फोर्टात लागलो तेव्हा पिटमन पद्धतीच्या शॉर्टहँडचा मिनिटाला १२० शब्दांचा स्पीड होता म्हणून कॉलर ताठ. साहेब डिक्टेशन देणार, मी गोदरेजच्या मशीनवर तीन कार्बन लावून पत्र काढणार, एक अक्षर चुकलं की चारही कागदांवर खोडा. मग कॉम्प्युटर आला, सगळे म्हणाले संपलं. साहेब स्वतः मेल टाइप करायला लागला तेव्हा परत म्हणाले संपलं. टाइपरायटर खरंच संपला हो, गोदरेजनेच तो बनवणं बंद केलं. पण शेवटच्या दहा वर्षांत मी टायपिंग जेमतेम तासभर करत असेन, बाकी दिवस फोनवर आणि साहेबाच्या केबिनबाहेर कोण आत जाणार कोण नाही यात. तुमच्या सहाच्या दोघी झाल्या ते मात्र खरं दुखणं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

शीघ्रलिपी_१००
मी सरकारी खात्यात स्टेनो आहे म्हणून स्पष्ट सांगते. केंद्राची एसएससी (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) स्टेनोग्राफर परीक्षा विसराच, ओपनला ग्रेड डी ची वयोमर्यादा २७ आणि ग्रेड सी ची ३०. राज्य सरकारात ओपनला साधारण ३८ पर्यंत चालतं, म्हणजे तुमच्याकडे चार वर्षं. लघुटंकलेखकाला शॉर्टहँड ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२०. सर्टिफिकेट पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेचं लागतं आणि मराठी ३० टायपिंग पण करून टाका, जाहिरातीत कुठे इंग्रजी मागतात कुठे मराठी. शून्यापासून १०० गाठायला रोज दोन तास देऊन दीड-दोन वर्षं सहज जातात, ८० नंतर हात अडतो आणि तिथेच निम्मी पोरं क्लास सोडतात. त्यात जागा कधी निघतील आपल्या हातात नाही. नोकरी सोडून अजिबात करू नका.

कोथरूडची_ईए
मी आयटी कंपनीत एक्झिक्युटिव्ह असिस्टंट आहे, तुमच्यासारखीच रिसेप्शनवरून आलेली. मिनिट्स गेले तर जाऊ देत ना, कोणाला आवडायचं ते लिहायला! आमच्याकडे पण टूल आहे, ते कोण काय बोललं ते सगळं लिहितं पण "बघू, पाठवून ठेवा" म्हणजे साहेबांचा नकार आहे हे त्याला कुठे कळतं. मार्चमधली गंमत सांगते. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, लंडनची शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे आणि लंडन अजून साडेपाचच. कॅलेंडर वेळ बरोबर दाखवतं, पण साहेब त्या वेळी मुलीला क्लासला सोडायला गाडीत असतात हे मला माहीत असतं. त्यामुळे फेब्रुवारीतच सगळे कॉल हलवून ठेवते. तुम्ही चार साहेब सांभाळताय तर रिझ्युमेत "टायपिंग, फायलिंग" काढा आणि व्हिसा, बोर्ड मीटिंगचे कागद, प्रवासाची बिलं, व्हेंडर असं सगळं लिहा. पदाचं नाव पण बदलून मागा, सेक्रेटरीला आणि ईएला एचआर वेगळा पगार लावतं, काम तेच असलं तरी.

रिकामटेकडा
चार साहेबांचं काम एक पगारात? आधी ते बोला, एआयचं नंतर बघू.

अंधेरी_लोकल
रिकामटेकडे भाऊ, बोललात ते बरोबर आहे पण अप्रेझल जुलैत 😅 एसएससीचं वय निघून गेलंय हेच मला माहीत नव्हतं, घरी कालच सांगितलं तर सासरे गप्प. कोथरूड ताई, रिझ्युमे बदलायला घेतलाय, लिहायला बसल्यावर दीड पान झालं, मी इतकं करते हे मलाच माहीत नव्हतं. आणि घराजवळ सकाळी सातचा शॉर्टहँडचा क्लास आहे, नोकरी सांभाळून ८० पर्यंत तरी बघते. जुने स्टेनो काका, सुरुवातीला काय लागतं?

फोर्टचा_जुना_स्टेनो
वही आणि दोन पेन्सिली, दोन्ही टोक काढून. टोक बोथट झालं की बारीक रेघ जाड दिसते आणि 'प' चा 'ब' होतो.